‘खोली आत्ताच गेली हो’: वेस्ट इंडीजहून विलायतेला गेलेल्यांच्या कादंबऱ्या कशा वाचायच्या

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेल्या लोकांचं जगणं आणि त्यांच्या वाट्याला आलेला वर्णद्वेष इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत कसा येतो? वाचायला सुरुवात कुठून करायची? शोधनिबंध लिहायचा तर नेमकं काय बघायचं?

थोडक्यात उत्तर: दार बघा. या कादंबऱ्यांत वर्णद्वेष बहुतेक वेळा दात-ओठ खाणारा खलनायक होऊन येत नाही. तो अर्धवट उघडलेल्या दारातून येतो. घरमालकीण हसून म्हणते, ‘माफ करा, खोली आत्ताच गेली.’ नोकरीच्या ऑफिसातला कारकून म्हणतो, ‘जागा भरली.’ शिवी नाही, धक्काबुक्की नाही. समोरचा नम्र आहे, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. हा नम्र नकार लेखक कसा पकडतो, त्यावर त्याची ताकद कळते. ‘वर्णद्वेष हा या कादंबरीचा मुख्य विषय आहे’ एवढंच वाक्य लिहून जो निबंध पुढे कथानक सांगत सुटतो, त्यात हे काहीच हाती लागत नाही.

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय अर्धे प्रसंग कळत नाहीत. ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज २२ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतारू उतरवतं. त्यांपैकी ८०२ जणांनी आपलं याआधीचं राहण्याचं ठिकाण कॅरिबियनमध्ये असल्याचं नोंदवलं होतं. यातले बरेच जण युद्धात ब्रिटिश हवाई दलात राबलेले. राहायला जागा नसलेल्या दोनशेहून अधिक जणांना लंडनमधल्या क्लॅपहॅम साउथच्या खोल भुयारी निवाऱ्यात ठेवलं. जवळचं लेबर एक्स्चेंज, म्हणजे नोकरी मिळवून देणारी सरकारी कचेरी, ब्रिक्स्टनला होतं म्हणून माणसं ब्रिक्स्टनला पांगली, आणि पुढे तीच त्यांची वस्ती झाली. वस्ती ‘त्यांनी निवडली’ असं जेव्हा कोणी लिहितं, तेव्हा ही साधी गोष्ट विसरलेली असते.

दुसरी बाब कायद्याची, आणि इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ही माणसं परदेशी नव्हती. १९४८चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९४९पासून लागू झाला आणि वसाहतींतली माणसं ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींची नागरिक’ ठरली. जमैकाच्या माणसाला लंडनला यायला व्हिसा नको होता. शाळेत तो वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता पाठ करून आला होता, इंग्लंडला ‘मदर कंट्री’ म्हणत आला होता. दरवाजा कायद्याने बंद होऊ लागला तो १९६२च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने. उलट, भाड्याच्या घरात आणि नोकरीत रंगावरून नकार देणं बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. १९६५चा पहिला वंशसंबंध कायदा सार्वजनिक ठिकाणांपुरता होता, घर आणि नोकरी त्यात नव्हती.

म्हणजे १९५६ साली खिडकीत ‘नो कलर्ड’ची (गोरे नसलेल्यांना जागा नाही) पाटी लावणारी घरमालकीण कायद्याच्या दृष्टीने काहीच चुकीचं करत नव्हती. या कादंबऱ्यांत भेदभावाविरुद्ध कोर्टात गेल्याचे प्रसंग का दिसत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. दाद मागायला जागाच नाही. मग कथानक पुढे जातं ते आडवाटांनी: ओळखीच्याच्या खोलीत जमिनीवर पथारी, एका खोलीत चौघं, आणि थोडे पैसे जमले की अनेकांनी मिळून घेतलेलं जुनं घर. त्यासाठी जमैकन लोक जी ‘पार्डनर’ चालवत ती म्हणजे आपली भिशीच. दर आठवड्याला ठरावीक रक्कम, एकजण सांभाळणार, पाळीपाळीने एकेकाला सगळी उचल. कर्ज द्यायला पेढ्या नाखूश होत्या, म्हणून घराची पहिली रक्कम अनेकदा याच भिशीतून उभी राहिली. त्रिनिदादमध्ये तिला ‘सुसू’ म्हणतात.

पाटीबद्दल एक सावधगिरी. आयरिश, काळे आणि कुत्रे असा तिघांना एकदम नकार देणारी प्रसिद्ध पाटी सगळे उद्धृत करतात. तिच्या तंतोतंत मजकुराबद्दल वाद आहे. ‘नो कलर्ड’ मजकुराचे फोटो आणि जाहिराती मात्र भरपूर आहेत. निबंधात दुसरी वापरा, परीक्षकाला बोट ठेवायला जागा उरणार नाही.

आता वाचनाकडे. सुरुवात सॅम सेल्व्हनच्या ‘द लोनली लंडनर्स’ने करा. १९५६ची कादंबरी, दीडशे पानांच्या आत. सेल्व्हन त्रिनिदादचा, वडील मूळचे मद्रासकडचे. १९५०मध्ये तो लंडनला आला, त्याच बोटीवर बार्बेडोसचा जॉर्ज लॅमिंगही होता. पुढे दोघांनीही या स्थलांतरावर लिहिलं, पण लॅमिंगची ‘द एमिग्रंट्स’ (१९५४) तुकड्यातुकड्यांची आणि अवघड आहे, ती नंतर घ्या. तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: वेगवेगळ्या बेटांवरची माणसं बोटीवर एकत्र येतात आणि तिथे पहिल्यांदा स्वतःला ‘वेस्ट इंडियन’ समजू लागतात. घरी असताना ती जमैकन, ग्रेनेडियन, बेजन (बार्बेडोसची) होती. त्यामुळे ‘कॅरिबियन संस्कृती’ असा एकच गठ्ठा बांधू नका. त्रिनिदादचा माणूस जमैकनाची टिंगल करतो, आणि लंडनचा गोरा त्या दोघांनाही सरसकट जमैकनच समजतो. सेल्व्हन या गोष्टीचा विनोद करून ठेवतो.

सेल्व्हनची कादंबरी धुक्यात सुरू होते. मोझेस नावाचा, लंडनमध्ये बरीच वर्षं मुरलेला गृहस्थ ४६ नंबरची बस पकडून वॉटर्लू स्टेशनवर जातो, त्रिनिदादहून येणाऱ्या एका अनोळखी माणसाला उतरवून घ्यायला. तो माणूस, ज्याचं नाव पुढे गॅलहॅड पडतं, कडाक्याच्या थंडीत उन्हाळी पातळ सुटात उतरतो. ओव्हरकोट नाही, सामान नाही. मोझेस वैतागतो, पण त्याला टाकून जात नाही. ही सुरुवात नीट वाचा. सरकार, संस्था, चर्च, कोणीही घ्यायला आलेलं नाही. ओळखीच्याच्या ओळखीवर चालणारी ही यंत्रणा आपल्याकडे गिरणगावात कोकणातून आलेल्या माणसाला गाळ्यावर जागा करून देणाऱ्या गाववाल्यांसारखी आहे, फरक एवढाच की इथे दारावर रंग बघितला जातो.

पुढे लेबर एक्स्चेंजचा प्रसंग येतो. कार्डाच्या डोक्यावर लाल शाईत जमैकासाठी दोन अक्षरं आणि पुढे ‘कलर्ड’चं तुटक रूप. मोझेस समजावून सांगतो की ही खूण म्हणजे तू जमैकाचा आहेस आणि काळा आहेस. मालकाला काळा माणूस नको असेल तर कारकून त्याच्याकडे पाठवतच नाही, त्याचा वेळ वाचतो आणि तुझा अपमान टळतो. म्हणजे भेदभाव अगदी सोयीसाठी केलाय! एका लाल खुणेत सेल्व्हन अख्खी व्यवस्था दाखवतो आणि निवेदकाचा आवाज जराही चढत नाही. गॅलहॅड त्रिनिदादचा असूनही हीच ‘जमैका’ची खूण सगळ्यांना लागते हे विसरू नका. निबंधात एकच उतारा घ्यायचा असेल तर हा घ्या आणि त्यावर दोन पानं खर्च करा.

दुसरा प्रसंग गॅलहॅडच्या हाताचा. अपमान गिळून तो रात्री अंथरुणात पडतो, आपल्या हाताच्या रंगाकडे बघतो आणि त्या रंगाशीच भांडायला लागतो. माणसाशी नाही, रंगाशी. तू निळा का नाही झालास, लाल का नाही, हे सगळं तुझ्यामुळे चाललंय, मी तर काही केलेलं नाही. वाचताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं. बरेच विद्यार्थी इथे ‘आत्मद्वेष’ लिहून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. गॅलहॅड रंगाला स्वतःपासून वेगळा काढून समोर बसवतो, म्हणजे ‘मी’ आणि ‘माझा रंग’ या दोन गोष्टी झाल्या. लंडनने त्याच्याकडे बघताना फक्त एकच बघितली. आणि हा तोच गॅलहॅड आहे जो दिवसा सूट चढवून पिकॅडिलीला मैत्रिणीला भेटायला राजासारखा चालत जातो. वाटेत एक लहान मूल आईला ‘तो बघ काळा माणूस’ म्हणतं, तर हा वाकून त्याचा गाल थोपटतो आणि आई अवघडते. दोन्ही गॅलहॅड एकत्र धरले तरच पात्र हातात येतं.

विनोद सोडून देणं ही मराठी विद्यार्थ्यांच्या निबंधांतली सर्वांत मोठी चूक. विषय गंभीर म्हणून सूरही गंभीर करून टाकतात. भूक लागली म्हणून बागेतलं कबूतर पकडून शिजवणारी माणसं, शहरातल्या ठिकाणांची नावं कापून बेजवॉटरला नुसतं ‘वॉटर’ आणि मार्बल आर्चला ‘आर्च’ म्हणणारी माणसं, रविवारी सकाळी मोझेसच्या खोलीत जमून शिळोप्याच्या गप्पा हाणणारी माणसं. त्रिनिदादमध्ये याला ‘लाइम’ करणं म्हणतात, आपल्याकडचा कट्टा. शहर आपलं करून घेण्याची ही त्यांची रीत आहे. भाडं भरूनही खोली आपली होत नाही, पण नाव ठेवलं की रस्ता होतो.

आता भाषा. जुनी पद्धत अशी की पात्रं बोलीत बोलत आणि निवेदक शुद्ध इंग्रजीत, जसं आपल्या ग्रामीण कथेत संवाद बोलीत आणि मधलं वर्णन पुणेरी असायचं. सेल्व्हनने आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिलं, ते पुढे सरकेना. मग त्याने निवेदनच त्रिनिदादच्या क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र बोलीच्या, वळणात आणलं. आता सांगणारा आणि ज्यांच्याविषयी सांगितलं जातंय ते एकाच पातळीवर बसले. वरून बघणारं कोणी उरलं नाही. वर्णद्वेषाला या कादंबरीचं खरं उत्तर हे आहे, एखादं बाणेदार भाषण नव्हे.

मराठीत भाषांतर करायचं असेल तर दोन खड्डे आहेत. एक, सगळं प्रमाण मराठीत आणणं. मग कादंबरीचा कणाच गेला. दुसरा, वऱ्हाडी किंवा मालवणी वापरणं. वाचकाच्या डोक्यात लगेच अमरावती किंवा कणकवली उभी राहते, मोझेस तिथला वाटू लागतो, आणि बोलीला चिकटलेली जात-गावही सोबत येतात. त्यापेक्षा तोंडी सांगण्याचं, क्रियापद पुढे ओढणारं, काळ सैल सोडणारं मराठी घडवावं. ‘मोझेसने बस पकडली’ असं न म्हणता ‘मोझेस पकडतो ४६ नंबर’. सेल्व्हनही क्रियापदाचा भूतकाळ अनेकदा सोडून देतो, त्यामुळे हे वळण मूळ भाषेच्या जवळ जातं. ‘बॉय’ हा शब्द तर खास सांभाळायचा. दोस्त एकमेकांना म्हणतात तेव्हा तो ‘गड्या’ किंवा ‘लेका’ आहे. गोरा माणूस पन्नाशीच्या काळ्या माणसाला म्हणतो तेव्हा तोच शब्द ‘ए पोऱ्या’ होतो. दोन्हीकडे एकच मराठी शब्द ठेवलात तर अपमान गायब होईल किंवा मैत्री.

मधल्या उन्हाळ्याच्या भागात कित्येक पानं एकही विरामचिन्ह नाही, एकच लांब वाक्य. ते मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर कंटाळा येतो, तोंडाने वाचलं तर दम कुठे लागतो ते कळतं.

सेल्व्हनची उणी बाजूही लिहा. बायका. गोऱ्या मुलींचा उल्लेख शिकारीच्या भाषेत येतो, आणि लुईस नावाचं पात्र बायकोला मारतं तो भाग हसण्यावारी जातो. सगळ्यांत ठसठशीत बाई म्हणजे टँटी, जी वाण्याला उधारी द्यायला भाग पाडते. ती अप्रतिम आहे, पण ती एकटीच. ही पोकळी भरायची तर जीन ऱ्हिसची ‘लेट देम कॉल इट जॅझ’ ही कथा वाचा, १९६२ची, तासाभरात होते. ऱ्हिस स्वतः डॉमिनिकाची गोरी क्रिओल (बेटावरच जन्मलेली, युरोपीय वंशाची), कथेतली सेलिना मात्र वेस्ट इंडियन ‘कलर्ड’ मुलगी. नॉटिंग हिलचा घरमालक अचानक महिनाभराचं आगाऊ भाडं मागतो, नाहीतर खोली सोड म्हणतो. शेजाऱ्यांच्या कुजबुजीने घेरलेली ती शेवटी त्यांच्या खिडकीची रंगीत काच फोडते आणि हॉलोवेच्या तुरुंगात जाते. तिथे ऐकलेलं एक गाणं ती बाहेर आल्यावर गुणगुणते, एक माणूस त्याला जॅझचा बाज देऊन विकतो आणि तिला आभारादाखल पाच पौंड पाठवतो. खोली गेली, बचत गेली, आता गाणंही गेलं. सेलिना काय म्हणते आणि त्या पैशांचं काय करते, ते तिथेच वाचा.

मग अँड्रिया लेव्हीची ‘स्मॉल आयलंड’ (२००४). पाचशेवर पानं, पण सरळ वाचत जाता येते. लेव्हीचे वडील खुद्द विंडरशवरून आलेले. १९४८चं लंडन, अर्ल्स कोर्टमधलं एक पडकं घर, आणि चौघं निवेदक: जमैकाचे हॉर्टेन्स आणि गिल्बर्ट, घरमालकीण क्वीनी, तिचा नवरा बर्नार्ड. ‘आधी’ आणि ‘१९४८’ असे भाग आलटून-पालटून येतात. पहिल्या वाचनात प्रत्येक प्रकरणाशेजारी पेन्सिलीने निवेदकाचं नाव आणि साल लिहा, नाहीतर दुसऱ्या भागापासून गोंधळ उडतो.

हॉर्टेन्सचा नोकरीचा प्रसंग जवळून बघण्यासारखा. जमैकात शिक्षिका होण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली ही मुलगी शिफारसपत्रं घेऊन शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाते. टेबलामागची बाई सांगते की इथे तुला शिकवता येणार नाही. हॉर्टेन्सला वाटतं, काहीतरी गैरसमज झालाय, मी समजावून सांगते. तिच्या इंग्रजीत खोट नाही, उलट ती पुस्तकी आणि अति-शुद्ध आहे. इंग्लंडमध्ये कोणी तसं बोलतच नाही, टॅक्सीवाल्यालाही ती कळत नाही. शेवटी मान ताठ ठेवून ती बाहेर पडायला दार उघडते आणि झाडू-बादल्यांच्या कपाटात शिरते. आतून परत त्याच बायकांसमोर यावं लागतं. कोणी तिला ढकललेलं नाही, पण चुकीच्या दारामागे उभी असलेली ती सगळ्यांना दिसते. साम्राज्याने जे शिकवलं ते जसंच्या तसं पाळणाऱ्या मुलीची ही फजिती लेव्ही एका कपाटात बसवते.

बर्नार्डला ‘मी’ म्हणून बोलू देणं हा लेव्हीचा सर्वांत धाडसी निर्णय. तो युद्धात भारतात तैनात होता, आणि भारतीय वाचकाला ही प्रकरणं इतरांपेक्षा जास्त टोचतात. गिल्बर्ट त्याच्या घरात भाडेकरू म्हणून येण्याआधीच माणसांची उतरंड त्याने आपल्या डोक्यात लावून ठेवली आहे. त्याचा द्वेष लंडनच्या घरटंचाईतून उगवला असं मानणाऱ्यांनी ही प्रकरणं पुन्हा वाचावीत. शेवटाकडे गिल्बर्ट बर्नार्डला जे सुनावतो त्यावर वाचक खूश होतात. मला तो भाग जरा जास्तच जुळवून आणलेला वाटतो. २००४ सालच्या वाचकाला जे ऐकायचं होतं ते १९४८चं पात्र बोलतं.

म्हणूनच प्रत्येक पुस्तकासाठी दोन रकाने करा: गोष्ट घडते ते साल आणि पुस्तक लिहिलं ते साल. सेल्व्हनने लिहिलं १९५८च्या नॉटिंगहॅम आणि नॉटिंग हिलच्या दंगलींपूर्वी. मे १९५९मध्ये अँटिग्वाहून आलेल्या केल्सो कॉक्रनचा भर रस्त्यात खून झाला, तोही त्याला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्या कादंबरीत हसू शिल्लक आहे, त्याचं एक कारण हे. कॉलिन मॅकिनेसची ‘ॲब्सोल्यूट बिगिनर्स’ (१९५९) थेट दंगलीपर्यंत येते, पण निवेदक गोरा पोरगा आहे. त्यात काळी माणसं बाहेरून दिसतात. लेव्हीला दंगली, खासदार एनॉक पॉवेलचं स्थलांतराविरुद्धचं १९६८चं भाषण, सगळं माहीत होतं. तिची कादंबरी १९४८ची साक्ष म्हणून वापरू नका. ती छप्पन्न वर्षांनंतरची आठवण आहे, अभ्यास करून लिहिलेली.

दलित साहित्याशी तुलना करू का, हा मराठीत हमखास येणारा उपप्रश्न. करा, पण ‘दोन्हीकडे शोषण’ यावर थांबू नका. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या शीर्षकातच फरक आहे. जात चोरता येते, निदान पकडलं जाईपर्यंत. रंग चोरता येत नाही. सेल्व्हनचा बार्ट नेमका तोच प्रयत्न करतो: कातडी जरा उजळ म्हणून तो आपण दक्षिण अमेरिकेतले असल्याचं सांगत फिरतो, आणि गोऱ्या मैत्रिणीचा बाप त्याला घराबाहेर काढतो. बागुलांचा नायक आणि बार्ट शेजारी ठेवले तर निबंध उभा राहील. कायद्याचा फरकही मांडा: आपल्याकडे अस्पृश्यतेविरुद्ध १९५५चा कायदा होता आणि तरी ते घडत होतं, ब्रिटनमध्ये तेव्हा कायदाच नव्हता.

शेवटी वेळ उरला तर सेल्व्हनची ‘मोझेस असेंडिंग’ (१९७५) घ्या. तोच मोझेस आता पाडायला आलेलं एक घर विकत घेतो, वरच्या मजल्यावर राहतो, बॉब नावाचा गोरा गडी ठेवतो आणि भाडेकरूंची दारं वाजवतो. विनोद इथे कडवट झाला आहे. कादंबरी संपते तेव्हा बॉब वरच्या मजल्यावर आहे आणि मोझेस पुन्हा तळघरात.